गावातल्या मुलांच्या फीची यादी कुलूपबंद कशी ठेवायची: टीमनं एन्क्रिप्टेड ऑनलाइन डॉक्युमेंट वापरायची सगळी रीत

दोन वर्षांमागची जून महिन्यातली गोष्ट. आमच्या गावच्या मंडळाकडं गणपतीची शिल्लक असते, पुण्या-गोव्याला नोकरीला गेलेली पोरं थोडे थोडे पैसे पाठवतात, त्यातनं आम्ही दरवर्षी काही मुलांची फी भरतो. एसएसएलसी (दहावी) होऊन पीयूसीला (अकरावी-बारावीला) जाणारे असतात, कुणाला वह्या-पुस्तकं लागतात, कुणाला बसपास (मुलींचा प्रश्न कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेमुळं मिटला, मुलांना लागतोच). त्या वर्षी मी सगळ्यांची माहिती एका ऑनलाइन शीटमध्ये भरली, नाव, उत्पन्न, वडील काय करतात, बँक खातं, आणि शेवटी एक रकाना "अडचण" म्हणून. लिंक कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि सेटिंग ठेवलेलं "लिंक असेल तो कुणीही बघू शकतो".

चार दिवसांनी एक काकी घरी आल्या. त्यांचे मिस्टर बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, फौंड्रीत होते, कामावरनं कमी केलेलं, ते त्यांनी मला विश्वासानं सांगितलेलं आणि मी ते त्या रकान्यात जसंच्या तसं लिहिलेलं. लिंक कुणीतरी भावकीच्या ग्रुपवर पुढं ढकललेली. काकी म्हणाल्या, "पैसे नकोत ओ आम्हाला, आमच्या घरचं गावभर कशाला केलंत?" पोराचं नाव त्यांनी यादीतनं काढायला लावलं. चूक माझीच होती, आणि तेव्हापासनं ही यादी कशी सांभाळायची हे मी नीट शिकून घेतलं. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अशी मंडळं, बचत गट, वाचनालयं, साहित्य संमेलनाच्या कमिट्या ढीगभर आहेत आणि सगळ्यांकडं कुणाची ना कुणाची खाजगी माहिती असते, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी कुलूप कुठलं ते समजून घ्या

नेहमीच्या ऑनलाइन एडिटरमध्ये तुम्ही लिहिता ते वाटेत सुरक्षित असतं, कंपनीच्या डिस्कवरपण कुलपात असतं, पण किल्ली कंपनीकडं असते. म्हणजे कंपनीनं ठरवलं, कुणी तिला हुकूम दिला किंवा तिच्या सिस्टीममध्ये कुणी घुसलं, तर मजकूर वाचता येतो. एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड एडिटरमध्ये मजकूर तुमच्या फोनवर किंवा लॅपटॉपवरच कुलूपबंद होतो आणि मग सर्व्हरवर जातो, सर्व्हरकडं नुसता न वाचता येणारा गोळा पडून असतो. आमच्याकडं काही बचत गटांत पेटी एकीच्या घरी असते आणि किल्ल्या दुसऱ्या दोघींकडं, अगदी तसं. पेटी ठेवणारीला पैसे मोजता येत नाहीत, आणि तरी कुणाला तिच्यावर संशय पण घ्यावा लागत नाही.

पण एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. माझ्या बाबतीत जे झालं ते कुठल्या कंपनीनं वाचल्यामुळं झालं नव्हतं, ते आपल्याच माणसांनी लिंक पुढं पाठवल्यामुळं झालं. त्यामुळं नुसतं टूल बदलून भागत नाही. पुढं जे सांगणार आहे त्यातलं निम्मं टूलचं आहे, निम्मं आपल्या सवयींचं, आणि सवयींचंच जास्त अवघड जातं.

कुठलं टूल घ्यायचं

मी दोन बघितली. एक क्रिप्टपॅड, पॅरिसच्या एक्सविकी नावाच्या कंपनीतल्या टीमनं बनवलेलं, ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही तपासू शकतो. यात लेखाचं पान, शीट, फॉर्म, कामाचा कानबान बोर्ड, कॅलेंडर सगळं एका ठिकाणी मिळतं आणि खातं उघडायला ईमेल पण लागत नाही, मोबाइल नंबर पण लागत नाही. त्यांच्या मुख्य सर्व्हरवर फुकट खात्याला 1 जीबी जागा मिळते, आमच्यासारख्या कामाला ती भरपूर होते. दुसरं प्रोटॉन डॉक्स, स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनचं, जुलै 2024 मध्ये आलं, प्रोटॉन ड्राइव्हच्या आत चालतं. तुमच्या टीमचं काम मुख्यतः लिहायचं असेल, इतिवृत्त, अर्ज, निवेदनं, आणि सगळ्यांचं आधीच प्रोटॉनचं ईमेल असेल तर ते सोपं जाईल. आम्हाला फॉर्म आणि शीट पाहिजे होतं, शिवाय कमिटीतल्या निम्म्या लोकांचं ईमेल त्यांनाच आठवत नाही, म्हणून आम्ही क्रिप्टपॅड घेतलं आणि पुढचं सगळं त्याच्याबद्दलच आहे.

क्रिप्टपॅड कुणीही आपल्या सर्व्हरवर बसवू शकतो, त्यामुळं त्याची बरीच ठिकाणं आहेत आणि एका ठिकाणचं खातं दुसरीकडं चालत नाही. सगळ्या टीमनं एकच पत्ता ठरवा, तो लिहून द्या, नाहीतर एकजण भलतीकडंच खातं उघडून बसतो आणि तासभर "मला दिसत नाही" चालतं.

खातं उघडताना घाई नको

युजरनेम आणि पासवर्ड, एवढंच विचारतात. पण याच दोन गोष्टींतनं तुमची किल्ली तयार होते, तुमच्याच फोनवर, आणि पासवर्ड सर्व्हरकडं जातच नाही. याचा सरळ अर्थ असा की विसरलात तर "फरगॉट पासवर्ड" म्हणून कुणी मदत करू शकत नाही, क्रिप्टपॅडवाले स्वतः पण नाही. युजरनेमचं स्पेलिंग पण तितकंच महत्त्वाचं, शेवटी एक ए टाकलेला की दोन हे नंतर आठवत नाही. म्हणून खातं उघडायच्या आधीच वहीत दोन्ही लिहा, मग त्या वहीत बघून टाइप करा.

पासवर्ड म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द, मराठीच पण इंग्लिश अक्षरांत. गावाचं नाव, कुलदैवत, मुलाचं नाव, गाडीचा नंबर यातलं काही नको, हे सगळं भावकीला पाठ असतं. ज्यांना जमतं त्यांनी बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससीसारखा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड कुलपात जपून ठेवणारं अ‍ॅप, वापरा. ज्यांना जमत नाही त्यांनी कागदावर लिहून कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलं तरी चालेल, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. फोनच्या नोट्समध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवलेला मेसेज मात्र नको, कारण तो फोन घरात चार जणांच्या हातात असतो.

लॉगिन केल्यावर थोडे सेकंद लागतात, जुन्या फोनवर जरा जास्तच, कारण किल्ली तुमचा फोन स्वतः गणित करून काढत असतो. हँग झालं समजून मागं जाऊ नका. आत गेल्यावर सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीच्या भागात टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डशिवाय दुसरं कुलूप, चालू करा, ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला 6 आकडी कोड लागतो. ते चालू करताना एक रिकव्हरी कोड देतात तो त्याच वहीत लिहा, फोन हरवला की तोच लागतो.

खातं न उघडता पण डॉक्युमेंट बनवता येतं, पण तसलं डॉक्युमेंट 90 दिवस कुणी उघडलं नाही तर काढून टाकलं जातं. एखाद्या बैठकीची टिपणं लिहायला ते ठीक, फीची यादी तिथं ठेवू नका.

टीम बनवणं

टीम्समध्ये जाऊन नवीन टीम उघडा. टीमला स्वतःचा ड्राइव्ह मिळतो, म्हणजे यादी माझ्या खात्यात अडकून राहत नाही, उद्या मी कामासाठी बाहेरगावी गेलो तरी टीमकडंच राहते. माणसं बोलवायला निमंत्रणाची लिंक निघते, दर माणसाला वेगळी काढायची, आणि लिंकला पासवर्ड लावता येतो. आमची पद्धत अशी की लिंक मेसेजवर पाठवायची आणि पासवर्ड फोन करून तोंडी सांगायचा. दोन्ही एकाच मेसेजमध्ये टाकलं तर कुलूप आणि किल्ली एकाच खिळ्याला अडकवल्यासारखं होतं.

टीममध्ये चार दर्जे असतात. व्ह्यूअर फक्त बघतो. मेंबर लिहू शकतो, नवीन डॉक्युमेंट बनवू शकतो. अ‍ॅडमिन माणसं घेऊ-काढू शकतो. ओनर सगळंच करू शकतो, टीम बंद करण्यापर्यंत. ओनर दोन ठेवा, कमी नको आणि जास्त पण नको. आमच्याकडं मी आणि गावातल्या एक निवृत्त बाई, ज्यांनी आम्हा निम्म्या कमिटीला मराठी शाळेत शिकवलं. त्या रोज फोन बघत नाहीत, पण त्यांचा पासवर्डचा कागद त्यांच्या कपाटात आहे, आणि माझं काही बरंवाईट झालं तर यादी बंद पडणार नाही.

दर्जा देताना मान-पानाचा प्रश्न येतो हे मला माहीत आहे. अध्यक्षांना व्ह्यूअर केलं तर त्यांना वाईट वाटतं. पण रोज न लिहिणाऱ्याला लिहायचा हक्क दिला की एक दिवस बोट चुकून रकाना पुसला जातो. आमच्या अध्यक्षांना मी घरी जाऊन समजावलं, "दादा, तुम्ही सगळं बघू शकता, फक्त बदल करायचं काम आम्ही तिघं करतो," आणि त्यांनी मान्य केलं. ग्रुपवर सांगितलं असतं तर वाद झाला असता.

माहिती घ्यायची ती मोजकीच

हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. जे गोळाच केलं नाही ते कधी फुटत नाही. मी जुनी शीट समोर घेऊन एकेक रकाना बघितला आणि स्वतःला विचारलं, हे नसलं तर फी भरायचं अडतं का? वडिलांचा धंदा लागत नाही. नाडकचेरीतनं (महसूल खात्याच्या कचेरीतनं) मिळालेला उत्पन्नाचा दाखला कमिटीतल्या एकानं डोळ्यांनी बघितला आणि "बघितला" अशी खूण केली की पुरे, त्याचा फोटो ठेवायची गरज नाही. बँक खातं पण लागत नाही कारण आम्ही फी थेट कॉलेजला भरतो. आधार मागायचंच असेल तर मास्क्ड आधार मागा, आधार देणाऱ्या युआयडीएआयच्या साइटवरनं डाउनलोड होतं आणि त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. "अडचण" हा रकाना आम्ही कायमचा काढून टाकला.

2017 साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क म्हणून मान्य केला, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात 18 वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहे. आमची सगळी मुलं 18 च्या आतली. म्हणून आम्ही एक ओळीचं संमतीपत्र मराठीत छापून आईवडिलांची सही घेतो, त्यात माहिती कशासाठी, कोण बघणार आणि कधी पुसणार एवढंच लिहिलंय. कायद्याच्या भीतीनं म्हणून घेत नाही. सही करताना त्या माणसाला कळतं की आपल्याला विचारलं गेलं.

फॉर्म आणि यादी वेगळी

आधी मी सगळं शीटमध्येच भरायचो, पण फोनवर शीट भरणं जिकिरीचं, आणि भरणाऱ्याला बाकीच्यांची नावं दिसतात. आता क्रिप्टपॅडचा फॉर्म वापरतो. फॉर्मची भरायची लिंक वेगळी असते, उत्तरं बघायची लिंक वेगळी. पालकांना फक्त भरायची लिंक जाते. उत्तरं सगळ्यांना दाखवायचं एक पब्लिशचं बटण फॉर्ममध्ये असतं, त्याला हात लावू नका, आणि फॉर्म बंद व्हायची तारीख आधीच टाकून ठेवा. ज्यांच्याकडं स्मार्टफोन नाही त्यांच्या घरी आमच्यातला एकजण जातो, चहा होतो, आणि त्यांच्यासमोरच भरतो.

मग टीमच्या ड्राइव्हमध्ये दोन डॉक्युमेंट. पहिल्यात नाव आणि नंबर, म्हणजे 1, 2, 3 असे. दुसऱ्यात फक्त नंबर, किती फी, कुठल्या कॉलेजला, भरली की नाही. हिशेबाच्या बैठकीत आणि देणगीदारांना दुसरंच दाखवायचं. पुण्यातल्या पोरांना पैसे कुठं गेले हे कळायलाच पाहिजे, पण कुणाच्या घरी काय चाललंय हे कळायचं कारण नाही.

लिंक देताना

क्रिप्टपॅडच्या लिंकमध्ये एक हॅशचं चिन्ह (#) असतं, त्याच्या पुढचा भाग म्हणजे किल्ली. हॅशच्या पुढचं ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, वेबची रीतच तशी आहे, म्हणून सर्व्हरला किल्ली कळत नाही. पण ज्याच्या हातात पूर्ण लिंक पडली त्याच्या हातात किल्ली पडली. म्हणून टीमच्या आतल्यांना लिंक द्यायचीच नाही, त्यांनी लॉगिन करून ड्राइव्हमधनं उघडायचं. बाहेरच्या कुणाला द्यायचीच वेळ आली, समजा ऑडिट करणाऱ्याला, तर शेअरमध्ये "व्ह्यू" निवडा, "एडिट" नको, आणि डॉक्युमेंटला पासवर्ड लावा. एकदाच उघडायची लिंक पण निघते, पण ती उघडली की डॉक्युमेंटच कायमचं नष्ट होतं, म्हणून एखादी छोटी गोष्ट वेगळ्या डॉक्युमेंटमध्ये लिहून पाठवायलाच ती चांगली. अ‍ॅक्सेसमध्ये जाऊन ठरलेल्या लोकांचीच यादी लावता येते, मग लिंक बाहेर गेली तरी यादीत नसलेल्याला ते उघडत नाही. नावांच्या डॉक्युमेंटला आम्ही ही यादी लावलीच आहे. माझ्या जुन्या शीटला एवढं जरी असतं तरी काकींना माझ्या दारात यावं लागलं नसतं.

कुणी टीम सोडून गेलं तर टीममधनं काढा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्यानं लिंक आधीच कुठं जपून ठेवली असेल तर ती चालू शकते, म्हणून डॉक्युमेंटचा पासवर्ड बदला आणि अ‍ॅक्सेसची यादी तपासा.

आणखी एक फसवणारी गोष्ट म्हणजे इतिहास. डॉक्युमेंटमधनं ओळ पुसली तरी जुन्या आवृत्तीत ती राहते, इतिहास उघडला की दिसते. चुकून कुणाचं आजारपण किंवा कर्ज लिहिलं गेलं असेल तर ओनरनं प्रॉपर्टीजमध्ये जाऊन इतिहास पण पुसायचा.

पाऊस, रेंज आणि झेरॉक्स सेंटर

आमचा एक मेंबर खानापूर तालुक्यात कणकुंबीकडं शिक्षक आहे. जून-जुलैत तिकडं लाइट पण जाते आणि रेंज पण जाते, नेमका आमचा सीझन तोच. कनेक्शन तुटलं की क्रिप्टपॅडचं पान लिहायचं बंद होतं, फक्त दिसतं. अशा वेळी पान बंद करू नका, रेंज आली की ते आपोआप जोडलं जातं, आणि "सेव्ह्ड" असं दिसल्यावरच उठा. तो शिक्षक आता आधी वहीत लिहून घेतो आणि जांबोटीला आला की भरतो, आणि भरून झाल्यावर वहीचं ते पान फाडून चुलीत घालतो.

झेरॉक्स सेंटरवर किंवा नेट सेंटरवर लॉगिन करू नका. प्रिंट हवीच असेल तर नंबरवालं डॉक्युमेंट पीडीएफ करून न्या, नावाचं नको, आणि तिथल्या डाउनलोड फोल्डरमधनं ती फाइल आपल्या हातानं काढा. चुकून कुठं लॉगिन राहिलं असेल तर सेटिंग्जमधनं सगळ्या ठिकाणांहून एकदम लॉगआउट करता येतं.

एन्क्रिप्शन काय झाकत नाही हे पण टीमला सांगून ठेवा. कुणी कधी आलं, कुठल्या आयपी पत्त्यावरनं (नेट जोडणीच्या नंबरावरनं) आलं, फाइल केवढी, हे सर्व्हरला कळतं. एडिटरचा कोड पण सर्व्हरच पाठवतो, म्हणजे तो सर्व्हर चालवणाऱ्यांवर थोडा विश्वास ठेवावाच लागतो. आणि कुणी स्क्रीनशॉट काढला तर त्याला कुठलंच कुलूप अडवत नाही. आम्ही बैठकीत सगळ्यांनी तोंडी शब्द दिलाय की नावांचा स्क्रीनशॉट काढायचा नाही, एकमेकांना तोंडावर दिलेला शब्द आमच्याकडं अजून पाळतात.

बॅकअप

स्किफ नावाचं असंच एन्क्रिप्टेड टूल होतं, लोक आवडीनं वापरायचे. फेब्रुवारी 2024 मध्ये ते नोशन कंपनीनं विकत घेतलं आणि सहा महिन्यांत बंद झालं. म्हणून महिन्यातनं एकदा, आम्ही संकष्टीचा दिवस धरलाय म्हणजे विसरत नाही, सगळं डाउनलोड करायचं. शीट एक्सेलमध्ये निघते, पूर्ण ड्राइव्ह पण झिप होऊन निघतो. पण लक्षात घ्या, ही खाली आलेली फाइल उघडी असते, कुलूप सर्व्हरवरच राहिलं. तिला सेव्हन-झिपनं पासवर्ड लावा, पेनड्राइव्हवर घ्या, लॉगिनचा कागद जिथं आहे त्या कपाटात ती पेनड्राइव्ह ठेवू नका, आणि लॅपटॉपवरची उघडी फाइल रिसायकल बिनमधनं पण काढा.

काम झालं की पुसायचं

आमची तारीख 31 मार्च. फी भरली, पावत्या आल्या, हिशेब बैठकीत वाचला, की नावांच्या डॉक्युमेंटचं काम संपलं. नंबरवालं हिशेबासाठी ठेवतो. नावांचं आणि फॉर्मचं दोन्ही ओनर फोनवर एकत्र असताना पुसायचं, कचऱ्याच्या फोल्डरमध्ये टाकून भागत नाही, ओनरनं "डिस्ट्रॉय" करावं लागतं, तेव्हा ते सगळ्यांसाठी जातं. मग मी बाईंच्या घरी जातो, मागच्या महिन्याची पेनड्राइव्ह घेतो, तिच्यातली जुनी झिप काढतो, आणि वर्षभरात काढलेल्या प्रिंटा मोजून बंबात घालतो. या वर्षी तीन प्रिंटा होत्या आणि तिन्ही सापडल्या.